एकच संघ जिंकत राहिला तर बघायला येणार कोण?

तापीकाठ | २ जून २०२५, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न घरचा आहे, पण उत्तर शोधताना युरोपची चक्कर झाली, म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे तालुक्याच्या गावी दर पावसाळ्यात फुटबॉलची स्पर्धा असते. बाद पद्धत, चिखल, ढोल, सगळं रीतसर. गेली काही वर्षं ढाल एकाच संघाकडे जातेय. रेल्वे कॉलनीतली पोरं आहेत, लहानपणापासून एकत्र खेळलेली, बाकीच्यांपेक्षा दोन पायऱ्या वर. पूर्वी अंतिम सामन्याला कंपाउंडच्या भिंतीवरसुद्धा जागा मिळत नसे. आता कॉलनीचे पहिले दोन गोल झाले की लोक चपला शोधायला लागतात. यंदा मंडळाच्या बैठकीत सूचना आली की हा संघ फोडा, सगळ्या खेळाडूंच्या चिठ्ठ्या टाका आणि नव्याने संघ पाडा. कोण जिंकणार हे आधीच माहीत असेल तर भिजत कोण उभं राहील?

हाच तर्क अर्थशास्त्रात १९५६ पासून आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी अमेरिकेतल्या बेसबॉलबद्दल लिहिताना मांडलं की निकाल अनिश्चित असेल तरच प्रेक्षक पैसे मोजतील. १९६४ मध्ये वॉल्टर नील यांनी मुष्टियोद्धा जो लुईचं उदाहरण घेतलं. तो जगज्जेता, पण समोर तोडीचा कोणी उरलाच नाही तर त्याची कमाई कशातून होणार? बाजारात प्रतिस्पर्धी संपला की उरलेल्याची चंगळ असते. खेळात प्रतिस्पर्धी संपला की उरलेलाही संपतो.

मला हे पटलं होतं, तेवढ्यात जर्मनी आडवी आली. २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा बायर्न म्युनिक विजेता. आणि सामन्यागणिक सरासरी प्रेक्षक मोजले तर बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, वर्षानुवर्षं युरोपात वरच्या जागेवर. ११ वर्षं उत्तर माहीत असलेली परीक्षा बघायला एवढे लोक का येतात?

तर सांगा. अनिश्चितता खरंच माणसं आणते का? की आम्ही उगीच एक चांगला संघ फोडायला निघालोय?

---

धुळ्याचा गनर | २ जून, रात्री १०:०५

भाऊ, आमना कडे या. तीन साल पासून इंग्लिश लीगमा मना आर्सेनल दुसराच येस! २०२३, २०२४, २०२५. यापेक्षा निश्चित निकाल जगात कुठे नाही, तरी मी जागतोच.

बाकी धागा छान. वाचतोय.

---

भुसावळकर नाना | २ जून, रात्री १०:५०

कायले एवढा हिशोब मांडता भो. जत्रेतली कुस्ती पाह्यली का कधी?

आखाड्यात पंच आधी जोड लावतात. अंगकाठी बघतात, कोणत्या तालमीचा आहे ते विचारतात, मागच्या गावाला कोणाला पाडलं ते विचारतात. विजोड लावली तर लोक ओरडतात. हे झालं तुमच्या रॉटेनबर्गचं म्हणणं. पण पुढचं ऐका. अगदी बरोबरीची जोड लावली आणि दोघे पैलवान नुसते खडाखडीच करत राहिले, तरी लोक ओरडतातच. शेवटी पंच बरोबरीत सोडवतात आणि इनाम अर्धं अर्धं. त्या कुस्तीचं नाव दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही.

लोकांना चितपट पाहायची असते. कोण पडेल ते माहीत नसलं तर बरंच, पण पडलं पाहिजे.

आणि संघ फोडायची कल्पना मले तं अजिबात आवडली नाही. पैलवान मोठा झाला म्हणून त्याला खुराक कमी द्यायचा का?

---

सातपुडा ते सिंहगड | २ जून, रात्री ११:३०

मूळ नंदुरबारचा, पोटासाठी पुण्यात, आकड्यांशी रोजचा संबंध. म्हणून थोडं लांबण लावतो.

आपण 'अनिश्चितता' म्हणतो तेव्हा निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. आजचा सामना कोण जिंकेल, ही एक. मे महिन्यात कोण विजेता असेल, ही दुसरी. आणि पाच-दहा वर्षांत माझ्या संघाला कधी दिवस येतील का, ही तिसरी. या एकमेकींच्या मागे चालत नाहीत.

फुटबॉलमध्ये पहिली अनिश्चितता फुकट मिळते, कारण गोल कमी होतात. समजा तगडा संघ सामन्याला सरासरी २ गोल करतो आणि दुबळा १. गोल केव्हाही, एकमेकांशी संबंध न ठेवता पडतात असं धरून संख्याशास्त्रातल्या पॉयसाँच्या सूत्राने मांडलं, तर तगडा जिंकण्याची शक्यता ६१ टक्के येते, बरोबरीची २१ आणि दुबळा जिंकण्याची १८. म्हणजे दुप्पट ताकद असूनही दहातल्या चार वेळा तगडा संघ जिंकून घरी जात नाही. कबड्डीत किंवा बास्केटबॉलमध्ये एवढा फरक असता तर दुबळ्याला जवळपास संधीच नसती, कारण तिथे गुणांचा ढीग पडतो आणि नशिबाला मधे शिरायला जागा राहत नाही.

आता हेच ३४ सामने खेळवा. नशीब इकडे-तिकडे फिटतं आणि तगडा वर येऊन बसतो. एक रात्र बेभरवशाची, अख्खा हंगाम मात्र भरवशाचा. जर्मनीत ११ वर्षं हेच झालं. शनिवारी दुपारी डॉर्टमुंड, फ्रँकफर्ट, कोलोनच्या लोकांना आपला सामना उघडाच दिसत होता. बंद होती ती फक्त सगळ्यात वरची ओळ.

तापीकाठ, तुमची स्पर्धा बाद पद्धतीची आहे. तिथे नशिबाला सगळ्यात जास्त वाव असतो. तरी कॉलनी दरवर्षी जिंकते म्हणजे फरक दुपटीचा नसून बराच जास्त असावा.

---

तापीकाठ | ३ जून, सकाळी ७:१५

@सातपुडा, फरक आहेच. गेल्या वर्षी उपांत्य सामना ७-० झाला. त्यात गोलकीपरसुद्धा पुढे येऊन शॉट मारून गेला.

@नाना, खुराकाचं पटलं. पण मंडळाला वर्गणी काढायची असते, आणि वर्गणी गर्दी बघून मिळते.

---

गिरणाई | ३ जून, दुपारी २:२०

मी जळगावची. उन्हाने बाहेर पडायची सोय नाही, म्हणून लिहिते.

मला वाटतं आधी प्रेक्षक कोण ते विचारायला हवं. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूच्या उभ्याच्या स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं मावतात. त्यातल्या बहुतेकांचे आजोबा तिथेच उभे असतील. त्यांना लीग कोण जिंकणार याच्याशी काय देणं-घेणं? तिकीट परवडतं, क्लबवर सभासदांचा हक्क आहे (मतांचा अर्ध्याहून जास्त वाटा सभासदांकडेच, तो '५० अधिक १'चा नियम), शेजारी ओळखीचे. ते जातात कारण शनिवारी तिथेच जायचं असतं.

आपण इकडचे लोक वेगळे. मी हिवाळ्यात रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) लावते, तेव्हा आवाज बंद असतो कारण सासूबाई शेजारच्या खोलीत झोपलेल्या. माझं लिव्हरपूलशी आजोबांपासूनचं नातं नाही. मला जागं ठेवायला काहीतरी घडावं लागतं. मी फुटबॉलकडे वळले ती २०१५-१६ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर क्लबमुळे. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्यांना ५०००ला १ देत होते, आणि त्यांनी ८१ गुण घेऊन, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलला १० गुणांनी मागे टाकून लीग जिंकली. (गनरभाऊ, तुम्ही तेव्हाही दुसरेच.) त्या वर्षी आमच्या कॉलेजात ज्या पोरींना ऑफसाइड कळत नव्हतं त्याही गुणतक्ता बघायच्या.

म्हणजे अनिश्चितता लांबच्या, कोणाच्याच नसलेल्या प्रेक्षकाला ओढते. जवळच्याला ओढायची गरज नसते.

पण परवा रात्रीचं सांगते. पॅरिसच्या पीएसजीने इटलीच्या इंटरला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ५-० ने धुतलं. १९ वर्षांच्या देझिरे दुएने दोन गोल केले. निम्म्यातच निकाल लागला होता आणि मी तरीही शेवटपर्यंत बसले, कारण ते खेळत होतेच तसे. तेव्हा माझ्याच नियमाला हा अपवाद, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

---

धुळ्याचा गनर | ३ जून, दुपारी २:३१

ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवायची गरज नव्हती.

---

रंकाळ्यावरून | ३ जून, सायंकाळी ६:१०

कोल्हापूरकर हजर. खान्देशात फुटबॉल? आम्हाला वाटलं तुमच्याकडे भरताच्या पार्ट्याच होतात.

थट्टा बाजूला. आमच्या शाहू स्टेडियमला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की पेठा रिकाम्या होतात. तिथे येणारा माणूस 'आज चुरस आहे का' असं विचारत नाही. तालीम त्याची आहे, बस्स. हरली तर आठवडाभर चहाच्या टपरीवर तोंड लपवावं लागतं. तुमच्या कॉलनीच्या संघासमोर उभा राहणारा संघ कोणाचा आहे? कुठल्या वाड्याचा, कुठल्या आळीचा? की नुसता 'अ' आणि 'ब'?

चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या संघाला कोणाची आळी नसते. चुरस वाढेल, पण ओरडायचं कोणासाठी?

---

भुसावळकर नाना | ३ जून, सायंकाळी ६:४०

कोल्हापूरच्या पाव्हण्याला पूर्ण अनुमोदन. आणि हिवाळ्यात या, भरीत खाऊ घालतो. मग बोला.

---

केळीची बाग | ३ जून, रात्री ९:००

रावेर. पावसाचा अंदाज बघत बसलोय, तेवढ्यात दोन शब्द पैशावर.

इंग्लिश प्रीमियर लीग 'इथे कोणीही कोणालाही हरवू शकतो' हेच विकते, आणि त्यासाठी खर्चही करते. देशातल्या प्रक्षेपणाच्या पैशातला अर्धा भाग सगळ्या २० क्लबांना सारखा, पाव भाग गुणतक्त्यातल्या जागेनुसार, पाव भाग किती सामने थेट दाखवले त्यानुसार. त्यामुळे शेवटच्या नंबरच्या क्लबालाही एवढे पैसे मिळतात की खेळाडू विकत घेताना तो इतर देशांतल्या चांगल्या क्लबांना मागे टाकतो. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपापले हक्क विकायचा. रिआल आणि बार्सिलोना मलई खायचे, बाकीचे ताक. मग सरकारला वटहुकूम काढून हक्क एकत्र विकायला लावावे लागले.

पण त्याने विजेता बदलला का? २००४ ला व्हॅलेन्सिया जिंकलं, त्यानंतर आजपर्यंत बार्सिलोना, रिआल आणि दोनदा अ‍ॅटलेटिको. बस्स.

उलट इटलीत बघा. युव्हेंटस सलग ९ वेळा जिंकलं, २०२० ला ती साखळी संपली, आणि पुढच्या पाच वर्षांत इंटर, मिलान, नापोली, इंटर, नापोली. यंदा तर नापोली शेवटच्या दिवशी एका गुणाने जिंकलं. मोठ्या लीगांत विजेतेपदाची एवढी चुरस दुसरीकडे नाही. तरी इटलीचे प्रक्षेपणाचे पैसे इंग्लंडच्या निम्म्याहून कमी. नुसत्या चुरशीवर दुकान चालत असतं तर उलटं दिसलं असतं.

---

सातपुडा ते सिंहगड | ३ जून, रात्री ११:१०

@केळीची बाग, इटलीचं उदाहरण नेमकं आहे.

@गिरणाई, तुमचं जवळचा-लांबचा भेद करणं संशोधनातही दिसतं. बुराइमो आणि सिमन्स यांनी २००८ मध्ये प्रीमियर लीगच्या मैदानांवरची गर्दी तपासली. त्यांना दिसलं की गर्दी दोन्ही टोकांना वाढते. घरचा संघ जिंकणार हे जवळपास नक्की असेल तेव्हा, आणि समोर एखादा बलाढ्य येतो तेव्हा. फिफ्टी-फिफ्टीच्या सामन्याला उलट कमी. २०१४ मध्ये कोट्स, हम्फ्रीज आणि झाऊ यांनी याला मानसशास्त्राची जोड दिली. घरच्या मैदानावर हरण्याचं दुःख जिंकण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, म्हणून माणूस जिंकायची खात्री असली की जातो. मग खात्री नसताना बलाढ्यासमोर का जातो? कारण तिथे हरलं तरी लाज नाही आणि जिंकलं तर नातवंडांना सांगता येतं.

टीव्हीवरचा प्रेक्षक मात्र थोडाफार चुरशीकडे झुकतो. थोडाफारच. मोठी नावं त्याला जास्त ओढतात.

हे तापीकाठांच्या कामाचं आहे. कॉलनीचा संघ हा तुमचा 'बलाढ्य पाहुणा' आहे. त्याला फोडलात तर हरवायला उरतो कोण?

---

तापीकाठ | ४ जून, सकाळी ६:५०

शेवटचं वाक्य बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार.

पण एक शंका. ७-० बघायला लोक थांबत नाहीत हेही खरंच. बलाढ्य असावा, पण कधीतरी पडेल अशी आशा तरी हवी ना? ११ वर्षांत जर्मनीतल्या लोकांना ती कुठून मिळत होती?

---

धुळ्याचा गनर | ४ जून, सकाळी ९:३०

यावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो.

२०२३ चा शेवटचा दिवस आठवा. डॉर्टमुंडला फक्त घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचं होतं. २-२ झालं. तिकडे कोलोनमध्ये ८९व्या मिनिटाला मुसियालाने गोल केला आणि बायर्न गोलफरकावर विजेतं. दोघांचेही ७१ गुण. म्हणजे यादीत 'बायर्न, सलग ११वं' एवढंच दिसतं, पण त्या दुपारी ते ठरलेलं नव्हतं हो. पुढच्याच वर्षी लेव्हरकुसेन एकही सामना न हरता जिंकलं, २८ विजय आणि ६ बरोबरी.

आशा मोठी चिवट असते भाऊ. वर्षातून एकदा तिला पाणी मिळालं तरी पुरतं.

दुसरं म्हणजे विजेतेपद ही काही एकच शर्यत नसते. यंदा लिव्हरपूलने चार सामने शिल्लक असतानाच लीग खिशात घातली. तिथेच हंगाम संपायला हवा होता ना? पण शेवटच्या रविवारी चॅम्पियन्स लीगच्या तीन जागांसाठी पाच संघ भांडत होते. मॅन्चेस्टर सिटी, चेल्सी, न्यूकॅसल, व्हिला, फॉरेस्ट. व्हिला आणि न्यूकॅसलचे गुण सारखेच ६६, व्हिला गोलफरकावर बाहेर. मी त्या दिवशी आर्सेनलचा सामना सोडून गुणतक्ता बघत होतो.

---

केळीची बाग | ४ जून, सकाळी १०:१५

आणि खालच्या टोकाला? तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या विभागात जातात, पण तिथे यंदा मढं होतं. साउदॅम्प्टन सात सामने शिल्लक असतानाच खालच्या विभागात गेलं, एवढ्या लवकर प्रीमियर लीगमधून कोणी गेलं नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी वर आलेले तिन्ही संघ परत खाली. तो तुमचा लेस्टरही त्यातच. नऊ वर्षांपूर्वीचा विजेता!

पैसा सारखा वाटला तरी तो फक्त २० जणांत वाटला जातो. २१व्या आणि २०व्यामध्ये दरी पडते. पुढची दोन-चार वर्षं असंच चाललं तर तळाचे सामने बघायला कोण जागेल?

---

गिरणाई | ४ जून, दुपारी १:४०

यंदाच्या हंगामाला एकदम मढं म्हणू नका. क्रिस्टल पॅलेसने सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला, त्यांचा पहिला मोठा चषक. न्यूकॅसलने लीग कप घेतला, देशातला मोठा चषक त्यांना १९५५ नंतर पहिल्यांदा. टॉटनहॅम लीगमध्ये १७वे आणि युरोपा लीगचे विजेते! हे सगळं बाद पद्धतीच्या स्पर्धांत झालं. सातपुडा म्हणाले तसं, एका रात्रीत नशीब आत शिरतं.

म्हणून मला वाटतं त्यांच्याकडे दोन्ही असतात हीच खरी युक्ती. लीग ताकद मोजते, कप दारं उघडी ठेवतो.

आणि खालच्या विभागात जाण्याचं भय असतं म्हणून तळाचे सामने सामने राहतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये १२ मोठ्या क्लबांनी सुपर लीग काढली, त्यात कायम सभासदांना खाली जायची भीतीच नव्हती. मोठी नावं दर आठवड्याला एकमेकांशी, म्हणजे कागदावर चुरस भरपूर. तरी इंग्लंडच्या चाहत्यांनी रस्त्यावर उतरून ती दोन दिवसांत हाणून पाडली. सहाही इंग्लिश क्लब बाहेर. त्यांना चुरस नको होती असं नाही. हक्काने मिळालेली नको होती.

---

रंकाळ्यावरून | ४ जून, दुपारी ३:००

+१. शेवटची दोन वाक्यं मंडळाच्या फळ्यावर लिहितो.

आपल्या देशातलं कोणी बोलेना. मिझोरामचा आयझॉल क्लब विसरलात का? २०१५-१६ ला आय-लीगमधून (तेव्हाची देशातली अव्वल लीग) खाली गेले, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतले, आणि २०१६-१७ ला विजेते. मोहन बागान एका गुणाने मागे. प्रशिक्षक खालिद जमील. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगला १-१ झाला आणि मिझोराम रस्त्यावर. पण तोवर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, या नव्या लीगचा झगमगाट आला होता. जगात कुठेही ती लीगची जाहिरात झाली असती. आपल्याकडे त्याच सुमारास आय-लीगचं काय करायचं याच्या बैठका चालल्या होत्या.

---

सातपुडा ते सिंहगड | ४ जून, रात्री १०:४५

आयएसएलबद्दल मला जरा कळवळा आहे, कारण बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने बघितलेत. २०१९ मध्ये तो संघ बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली आणि २०२१-२२ ला हैदराबाद विजेते. जल्लोष करायचा की सुतक पाळायचं ते मला आजही कळलेलं नाही.

अनिश्चिततेच्या कसोटीवर आयएसएल उत्तम आहे. कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, मुंबई, हैदराबाद असे विजेते बदलत राहिले. पहिल्या हंगामात, २०१४ ला, सरासरी गर्दी २० हजारांच्या वर होती. नंतर ती टिकली नाही. आता केरळा ब्लास्टर्स बघा. तीन वेळा अंतिम सामना हरले, आजवर एकही चषक नाही. आणि देशातल्या मोठ्यात मोठ्या गर्दींपैकी एक वर्षानुवर्षं कोचीला.

म्हणजे विजेते बदलणाऱ्या शहरांत मैदानं ओस आणि कधीच न जिंकणाऱ्या शहरात पिवळा समुद्र. कोल्हापूरकरांचा 'ओरडायचं कोणासाठी' हा प्रश्न इथे लागू पडतो. शिवाय इतकी वर्षं कोणी खाली जातच नाही, त्यामुळे आठव्या आणि अकराव्या नंबरच्या संघांच्या शेवटच्या सामन्याचा निकाल अगदी अनिश्चित असला तरी बघायचा कशाला? कोणाचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

---

भुसावळकर नाना | ५ जून, सकाळी ६:००

हेच मी म्हणत होतो. इनाम नसलेली कुस्ती.

---

तापीकाठ | २० जुलै २०२५, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. पेरण्या आणि बैठका दोन्हींत महिना गेला.

आधी देशाच्या बातम्या. ११ जुलैला आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने पुढचा हंगामच थांबवला, कारण महासंघाबरोबरचा मूळ करार डिसेंबरात संपतोय आणि नवा झालेला नाही. आणि परवा, १८ जुलैला, स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने आय-लीगचा विजेता ठरवला. एप्रिलमध्ये शेवटचा सामना संपला तेव्हा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर वर होते, इंटर काशी ३९. एका जुन्या सामन्यातल्या अपात्र खेळाडूचं भांडण स्वित्झर्लंडपर्यंत गेलं आणि विजेते इंटर काशी.

ही अनिश्चितता रॉटेनबर्ग यांच्या डोक्यात नक्कीच नव्हती. सामना कोण जिंकेल हे माहीत नसलं तर माणूस येतो. लीग होईल की नाही आणि झाली तर निकाल मैदानावर लागेल की वकिलाकडे, हे माहीत नसलं तर तो क्रिकेट लावतो.

आता घरचं. कॉलनीचा संघ फोडायची सूचना पडली. त्यांचा कॅप्टन बैठकीला आला होता. म्हणाला, वाटून टाकणार असाल तर आम्ही खेळतच नाही, आणि आम्हाला हरवायचं असेल तर आम्ही सरावाला बोलावतो तेव्हा या. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

जे ठरलं ते असं. आठ संघ, प्रत्येकाला वाड्याचं किंवा आळीचं नाव लावणं सक्तीचं, आणि निम्म्याहून जास्त खेळाडू त्याच भागातले. चार-चारचे दोन गट, गटात साखळी, म्हणजे १२ सामने. वरचे दोन-दोन संघ मोठ्या ढालीसाठी, खालचे दोन-दोन छोट्या ढालीसाठी, तिचंही इनाम रोख. म्हणजे कॉलनीशी पहिल्याच दिवशी सात गोल खाल्ले तरी पोरांना पुढच्या रविवारी खेळायला कारण आहे. आणि जो संघ गटात शेवटचा येईल, त्याला पुढच्या वर्षी आसपासच्या गावांतल्या विजेत्याशी पात्रता सामना खेळावा लागेल. ही शेवटची अट गिरणाईंची, फुकट घेतली.

---

गिरणाई | २० जुलै, रात्री ९:०५

मुलींचा सामना ठेवाल तर फुकट देते, नाहीतर मानधन लागेल.

---

तापीकाठ | २० जुलै, रात्री ९:१२

दोन संघ जमले तर अंतिम सामन्याच्या आधी नक्की. जळगावहून एक संघ आणायची जबाबदारी तुमची.

---

सातपुडा ते सिंहगड | २० जुलै, रात्री ९:४०

रचना आवडली. एकच सूचना. सामने ३० मिनिटांचे ठेवत असाल तर आणखी लांबवू नका. वेळ कमी तर गोल कमी, आणि गोल कमी तर दुबळ्याला संधी जास्त. संघ फोडण्यापेक्षा हा उपाय स्वस्त.

---

धुळ्याचा गनर | २० जुलै, रात्री १०:००

कॉलनीचा पहिला सामना कोणाशी? मी धुळ्याहून येतोय, शक्यतो तोच बघेन.

---

तापीकाठ | २० जुलै, रात्री १०:१५

दोन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात त्यांना ज्यांनी शेवटपर्यंत दमवलं होतं त्या माळीवाड्याशी. चिठ्ठी टाकली नाही, मुद्दाम लावलाय.

---

भुसावळकर नाना | २१ जुलै, सकाळी ५:५०

जोड बरोबर लावली. पण ती कुस्ती शेवटी ठेवतात भो, पहिली नाही. दोघांना वेगळ्या गटांत टाका.

---

तापीकाठ | २१ जुलै, सकाळी ८:००

नाना, माळीवाडा उपांत्य फेरीत हरला तर? मग ती जोड लागणारच नाही. पहिल्या रविवारी गर्दी झाली तर वर्गणी तरी निघेल.

---

भुसावळकर नाना | २१ जुलै, सकाळी ८:२०

मग दोनदा लावा. गटात एकदा, आणि दोघे वर आले तर शेवटी पुन्हा. मी खुर्ची घेऊन येतो.